नदाफ सिस्टर आणि अकरा लोड

"डाव्या कुशीवर की उजव्या?"

नारायण पेठेतल्या या इमारतीत आम्ही राहायला आलो, त्या दिवशी मला विचारला गेलेला हा पहिला प्रश्न. मी गॅसची शेगडी दोन्ही हातांत धरून जिना चढत होतो. तळमजल्यावरच्या दारात एक बाई उभ्या होत्या. पांढरी कॉटनची साडी, पायांत कॅनव्हासचे बूट आणि घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. नाव नाही, गाव नाही, एकदम कूस.

मी म्हटलं, "काय?"

"झोपता कसे, ते विचारतेय."

माझ्यामागे बायको, विद्या, पोळपाट घेऊन उभी होती. तिच्यामागे अण्णा, म्हणजे माझे वडील. लग्नाला सोळा वर्षं झालेल्या माणसाला बायकोच्या आणि वडिलांच्या देखत परक्या बाईनं असं विचारलं, की त्याला थाप मारायला सुचत नाही. "पालथा," मी म्हणालो.

"वाटलंच. मान सांगतेय. शेगडी ठेवा आणि खाली या. पालथ्यांचा माझ्याकडे वेगळा आहे."

पालथ्यांचा काय वेगळा आहे, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी शेगडी ठेवली आणि खाली गेलो. आपण का गेलो, हे मला आजही सांगता येणार नाही. नदाफ सिस्टरांनी 'या' म्हटलं की माणूस जातो. चौतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या इस्पितळाचे वॉर्ड सांभाळले होते आणि निवृत्त होताना बाकी सगळं तिथं ठेवून आवाज तेवढा बरोबर आणला होता.

त्यांच्या दोन खोल्यांत मी पाऊल टाकलं आणि थांबलो. समोरच्या भिंतीला अकरा लोड उभे होते. आपल्याला लोड ठाऊक असतो तो बैठकीतला. पांढराशुभ्र अभ्रा, मागे भिंत, आणि त्याला रेलून मुलीच्या उंचीची चौकशी करणारे पाहुणे. हे लोड तसले नव्हते. एक माझ्या खांद्याइतका उंच आणि मांडीएवढा बारीक होता. एक बुटका, पण पिंपासारखा. एक चंद्रकोरीसारखा वाकलेला. प्रत्येकाला नाव होतं. बुटका तो 'पैलवान', कापूस ठासून भरलेला, मूठ मारली तर मुठीलाच लागेल असा. वाकलेली ती 'बाळंतीण'. सावरीच्या कापसाचा एक मऊ होता, तो 'लाडका'. सगळे सिस्टरांनी स्वतः शिवलेले, स्वतः भरलेले.

बारीक लोड माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "हा पोटाखाली नाही घ्यायचा. शेजारी ठेवायचा. एक गुडघा आणि एक हात त्याच्यावर टाकायचा आणि अर्धं पालथं व्हायचं. पोटाला वाटतं आपण पालथे आहोत, मानेला वाटतं आपण नाही. दोघांची समजूत पटते."

"आणि विद्या? सोळा वर्षांचा संसार आहे."

"तुमच्या दोघांच्या मधे लोड येईल. सोळा वर्षांनंतर चालतं."

मी एका प्रकाशन संस्थेत मुद्रितं तपासतो. वीस वर्षं खाली मान घालून इतरांचे ऱ्हस्वदीर्घ पाहिल्यामुळे माझी मान हा आमच्या घरातला वेगळा सदस्य होता. मलमं, पट्टे, गरम पाण्याच्या पिशव्या सगळं झालेलं होतं. त्या बारीक लोडाला मिठी मारून दहा दिवस झोपलो आणि अकराव्या दिवशी दाढी करताना माझ्या लक्षात आलं, की मान आरशात आपोआप वळली. मी ब्रश हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

पुढे कळलं की असा उभा राहिलेला मी एकटा नाही. अर्ध्या पेठेनं कधी ना कधी सिस्टरांचा लोड नेलेला होता. मोडलेल्या पायाखाली, सुजलेल्या हाताखाली, ऑपरेशनच्या टाक्यांवर खोकताना धरायला, पलंगावरून घरंगळणाऱ्या आजोबांना अडवायला. सिस्टर डॉक्टरांच्या कामात कधी पडायच्या नाहीत. कुणी गोळी विचारली तर म्हणायच्या, "औषध डॉक्टरांचं. मी फर्निचर बघते." एकच अट असायची. लोड परत येताना अभ्रा धुतलेला हवा आणि कापसाला दोन दिवसांचं ऊन मिळालेलं हवं. परत आलेला लोड त्या मांडीवर आडवा घ्यायच्या, तळहातानं तीन थापा मारायच्या आणि कान देऊन ऐकायच्या. "गच्चीत वाळवला नाहीत. खिडकीत वाळवलात," असं त्यांनी माझ्या देखत एका वकिलांना ऐकवलं आहे. वकील लोड घेऊन मुकाट्यानं गच्चीत गेले.

पहिल्या मजल्यावर साखरपुडा होता, तेव्हा त्या घरच्या बाई मोठ्या आशेनं आल्या. "सिस्टर, बैठकीला पाचसहा लोड द्याल का? फोटोत बरे दिसतील."

"माझे लोड ड्यूटीवर असतात. समारंभाला जात नाहीत."

दार लागलं. पण नवऱ्यामुलाच्या काकांचा गुडघा नुकताच बदललाय आणि ते पाय लांब करून अवघडून बसलेत, हे त्यांना कुणाकडून तरी कळलं, तेव्हा त्या बिनबोलावता 'लाडका' घेऊन वर गेल्या. भर बैठकीत, आहेराची ताटं ओलांडून, त्यांनी काकांचा पाय उचलला, खाली लोड सरकवला आणि कुणाकडेही न बघता निघून आल्या. मुलाकडच्या मंडळींना बराच वेळ वाटत होतं की पुण्यात ही पद्धत असावी.

तिसऱ्या मजल्यावर सायली आणि निखिल राहायचे. दोघंही हिंजवडीला आयटीत. सायलीला दिवस गेले तेव्हा निखिलनं ऑनलाइन एक उशी मागवली. ती आली तेव्हा जिन्यात अडकली. चिमट्यासारखा आकार आणि आत दोन माणसं मावतील एवढी. पाचव्या दिवशी निखिल डोळ्यांखाली काळं घेऊन सिस्टरांच्या दारात उभा राहिला.

"सिस्टर, सीरियसली, घरात तिसरं माणूस आल्यासारखं झालंय. बेडवर जागाच नाही. आय ॲम ऑन द सोफा."

"तिसरं अजून यायचंय. हे मधेच कोण घुसलं?"

सिस्टर वर गेल्या. त्या उशीभोवती त्यांनी एक फेरी मारली, बोटानं दाबून पाहिलं, आणि एवढंच विचारलं, "ही धुवायची कशात? विहिरीत?" मग 'बाळंतीण' वर गेली. पोटाच्या खाली तिचं एक टोक, गुडघ्यांमधे दुसरं. सायली डाव्या कुशीवर वळली आणि बोलता बोलता झोपली. वाक्य अर्धं राहिलं. निखिलनं खिशातून फोन काढला होता, तो न वापरताच परत ठेवला.

ती 'बाळंतीण' वर दोन वर्षं राहिली. बाळ झाल्यावर दूध पाजताना सायलीच्या हाताखाली आली. बाळ पालथं पडायला लागल्यावर पलंगाच्या कडेला कुंपण झाली. बसायला लागल्यावर मागे टेकू आणि चालायला लागल्यावर घोडा. परत आली तेव्हा एका टोकाला बारीक बारीक खळगे होते. सिस्टरांनी त्यावर बोट फिरवलं. "दात आले वाटतं," त्या म्हणाल्या, आणि त्या लोडाला मात्र थापा मारल्या नाहीत.

एकदा त्यांना मी स्कूटरवर मार्केट यार्डात घेऊन गेलो होतो. नव्या लोडाच्या आतल्या खोळीसाठी त्यांना जुनं, वापरून नरम झालेलं गोणपाट हवं होतं. दुपारची वेळ. एका गाळ्यापुढे एक हमाल पोत्यांवर झोपला होता. सिस्टर त्याच्यासमोर थांबल्या आणि त्यांनी हात बांधले. लोक देवळात थांबतात तशा.

"बघा सोमण. मानेखाली गुंडाळलेलं पोतं. गुडघ्यांखाली कांद्याची गोणी. डावा हात छातीवर नाही, बाजूला. हे आम्हाला शिकायला तीन वर्षं लागली. याला कुणी शिकवलं?"

हमालानं एक डोळा उघडला. "काय पायजे मावशी?"

"काही नाही. झोपा. उत्तम चाललंय."

त्यानं आज्ञाधारकपणे डोळा मिटला.

अशा या सिस्टरांपुढे हार मानायला जगात एकच माणूस तयार नव्हता आणि तो आमच्या घरात राहत होता.

अण्णांनी अडतीस वर्षं शाळेत गणित आणि कवायत शिकवली. 'ताठ बस' हे दोन शब्द त्यांनी किती हजार मुलांच्या पाठीत घातले असतील, सांगता येत नाही. स्वतः ते स्टुलावर बसून पेपर वाचायचे. खुर्ची होती, पण तिला पाठ होती. "खुर्चीला पाठ असली की माणसाची जाते," असं त्यांचं म्हणणं होतं. चौऱ्याऐंशीव्या वर्षी ते काठी न घेता मंडईत जाऊन भाजी आणायचे. लोड ही वस्तू त्यांच्या लेखी थेट अधःपतन होती.

जाता-येता तळमजल्यावर चकमक व्हायची.

"अण्णासाहेब, पाठीला काहीतरी देत चला आता."

"माझी पाठ मला देवानं दिलीय. तिला सोबत लागत नाही."

"दिली त्याला चौऱ्याऐंशी वर्षं झाली. गॅरंटी संपली."

"आपण आपले गुडघे मोजा."

दोघंही एकमेकांना कसोशीनं 'आपण' म्हणायची, त्यामुळे ऐकणाऱ्याला अधिक भीती वाटायची. घरी येऊन अण्णा मला सांगायचे, "बाई हुशार आहे. पण माणसांना आडवं करण्याचं व्यसन लागलंय तिला."

मग एका हिवाळ्यात अण्णांचे पाय सुजले. दोन पायऱ्या चढले की धाप लागायची. इस्पितळात आठ दिवस काढले. हृदय थकलंय, डॉक्टर म्हणाले. औषधं दिली, मीठ तोडलं, घरी सोडलं. सूज उतरली, पण एक गोष्ट मागे राहिली. अण्णांना आडवं होता येईना. पाठ टेकली की श्वास अडकायचा आणि ते घाबरून उठून बसायचे. पाठीमागे उशा रचल्या, त्या घसरायच्या. वर-खाली होणारी लोखंडी कॉट आणली, तर तिच्यावरून ते स्वतःच खाली सरकत यायचे आणि मग तिच्याकडे असं बघायचे, की तिला छडी बसणार. शेवटी ते पलंगाच्या काठावर बसून राहिले. ताठ. दोन्ही हात गुडघ्यांवर. डुलकी लागायची, मान पडायची, दचकून जागे व्हायचे. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सकाळी त्यांना माझं नाव आठवायला वेळ लागला.

"सिस्टरांना बोलावू या?" मी आधीही दोनदा विचारलं होतं.

"नको," अण्णा प्रत्येक वेळी म्हणाले. श्वास घ्यायला थांबले. "ती जिंकेल."

मी ऐकलं. मला लाज वाटते, पण मी ऐकलं. लहानपणापासून मी त्यांचं ऐकतच आलो होतो. विद्या मात्र त्यांच्या शाळेत शिकलेली नव्हती. चौथ्या दिवशी सकाळी तिनं पदराला हात पुसले आणि ती सरळ खाली गेली.

सिस्टर आल्या त्या रिकाम्या हातानं. दाराशी उभ्या राहून पाच मिनिटं नुसत्या बघत राहिल्या. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पाठ आणखी ताठ केली. त्या ताठपणानंच त्यांना जास्त धाप लागली. मला वाटलं, आता चकमक होणार. पण सिस्टर स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसल्या आणि गप्पा मारायला आल्यासारख्या म्हणाल्या,

"अण्णासाहेब, आपल्या वर्गात मुलं बाकावर डोकं ठेवून झोपायची का हो?"

"झोपायची."

"मग आपण काय करायचात?"

"उठवायचो."

"किती वर्षं?"

"अडतीस."

"दमला असाल," सिस्टर म्हणाल्या. "आज आपला तास ऑफ आहे. वर्गावर मी आहे. ठेवा डोकं."

अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले. मी माझ्या वडिलांना कधी कुणापुढे वाकलेलं पाहिलं नव्हतं. देवापुढेसुद्धा ते नमस्कार करायचे तो कवायतीतला वाटायचा. आणि आता त्यांनी हळूच, अगदी जेमतेम, मान हलवली.

पुढची दहा मिनिटं मी जे पाहिलं, ते कुणी सांगितलं असतं तर मला पटलं नसतं. "सोमण, जेवणाचं टेबल इकडे. विद्याताई, खाली जा, दार उघडंच आहे, पैलवान, लाडका आणि डावीकडून तिसरा." अण्णांना खुर्चीत बसवलं, समोर टेबल आलं. टेबलावर 'पैलवान' आडवा, त्याच्यावर 'लाडका'. कमरेमागे तिसरा, पायांखाली माझा जुना शब्दकोश टॉवेलात गुंडाळून. सिस्टरांनी अण्णांचे दोन्ही हात लोडाच्या पलीकडे टाकले, खांदे पुढे झुकवले, गाल लोडावर टेकवला. मग दोन बोटांनी 'लाडका' जरा स्वतःकडे ओढला. बोटाच्या एका पेराएवढा. तेवढ्यानं अण्णांच्या छातीची धडपड सैल झाली. मला ते डोळ्यांनी दिसलं. एक श्वास, मग दुसरा, मग एक लांब. मग ते झोपले.

सकाळचे पावणेअकरा झाले होते. विद्यानं कुकरची शिट्टी होण्याआधी गॅस बंद केला. मी दाराच्या घंटेचं बटण काढून ठेवलं. खाली रस्त्यावर टेम्पो हॉर्न वाजवत होता, तर सिस्टर खिडकीत गेल्या, आणि काय केलं माहीत नाही, टेम्पो गप्प झाला. मग त्या अण्णांच्या मनगटावर बोटं ठेवून बसल्या. मी भिंतीपाशी उभा होतो. लोडावर गाल ठेवून झोपलेले अण्णा आठ-नऊ वर्षांच्या मुलासारखे दिसत होते, आणि त्या मुलाला मी त्याआधी कधी भेटलो नव्हतो.

ते अडीचला उठले. गालावर शिवणीचा वळ होता.

"तास संपला?" त्यांनी विचारलं.

"केव्हाच. आपण गाढ होतात, म्हणून घंटा दिली नाही."

"आपण जिंकलात," अण्णा म्हणाले.

"मी कसली जिंकते. बटाट्याची भाजी अळणी आहे म्हणे, ती खाऊन घ्या."

त्यानंतर अण्णा आठ महिने होते. डॉक्टरांनी औषधं बदलली, थोडं बरं वाटलं, पण झोप कायम टेबलावरचीच. आणि रोज दुपारी चार वाजता सिस्टर वर यायच्या. निमित्त लोड थोपटायचं. कापूस बसतो, तो रोज मोकळा करावा लागतो, असं त्या सांगायच्या. थोपटायला दोन मिनिटं लागायची आणि सिस्टर सहापर्यंत बसायच्या. चहात आलं असावं की वेलची, यावर दोघांचं भांडण व्हायचं. अण्णा त्यांना भूमितीची कोडी घालायचे. सिस्टर ती सोडवायच्या नाहीत. सोडवायला लागल्या की अण्णा स्वतःच सोडवून मोकळे व्हायचे, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

एकदा मी रजेवर होतो आणि आतल्या खोलीत मुद्रितं तपासत होतो. बाहेर अण्णांचा आवाज आला. "एक विचारू का? हे लोडांचं कुठून आलं आपल्यात?"

आधी कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. एरवी सिस्टरांचं उत्तर प्रश्न संपायच्या आधी यायचं.

"माझे वडील पिंजारी होते," त्या म्हणाल्या. "भवानी पेठेत एक खोली. तिच्यात आम्ही सहा माणसं आणि गिऱ्हाइकांच्या गाद्या. जन्मभर त्यांनी कापूस पिंजला आणि तो छातीत जाऊन बसला. शेवटी शेवटी आडवं होता यायचं नाही. आपल्यासारखंच. मी तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. हॉस्टेलवर राहायचे. दिवसभर वॉर्डात लोकांच्या पाठीशी उशा लावायचे. सुट्टी मिळाली म्हणून एका सकाळी घरी गेले, तर अब्बा भिंतीला टेकून बसलेले. आई म्हणाली, आताच डोळा लागलाय, उठवू नकोस. मी हात धरून पाहिला. डोळा लागलेला नव्हता."

मी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"पावसाळा होता. भिंत ओली होती. त्यांचा सदरा मागून सगळा भिजला होता. आणि खोलीत लोड होते, अण्णासाहेब. चौदा. कुणाच्या तरी लग्नाची ऑर्डर. गिऱ्हाइकाच्या मालाला पाठ लावायची नाही, असा त्यांचा नियम. हातभर अंतरावर होते ते लोड. मी तिथं असते तर एक उचलून लावला असता. पुन्हा थोपटून दिला असता. कुणाला कळलंही नसतं."

अण्णांना बोलायला श्वास गोळा करावा लागायचा. मग त्यांनी विचारलं, "नाव काय होतं त्यांचं?"

"इब्राहिम."

"इब्राहिम," अण्णांनी हजेरी घेतल्यासारखं नाव सावकाश उच्चारलं. मग म्हणाले, "मुमताज, आज आल्याचा चहा घेऊ."

सिस्टरांना नावानं हाक मारलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. आपणहून आल्याला कबूल झालेले अण्णाही पहिल्यांदाच.

श्रावणात, एका दुपारी चार वाजता, सिस्टर नेहमीसारख्या आल्या. अण्णा टेबलावर झोपले होते. विद्या चहाचं आधण ठेवायला आत गेली. ती बाहेर आली तेव्हा सिस्टर अण्णांच्या मनगटावर बोटं ठेवून बसल्या होत्या. विद्याला वाटलं, रोजच्यासारख्या. पण सिस्टर घड्याळाकडे बघत नव्हत्या. त्या अण्णांकडे बघत होत्या. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "सोमणांना ऑफिसातून बोलावून घ्या. घाईची गरज नाही, सावकाश या म्हणावं." मी पोहोचलो तेव्हाही त्यांचा हात तिथंच होता.

त्यांनीच पुढे उभं राहून सगळं करवलं. डॉक्टरांना बोलावणं, नातेवाइकांना फोन, कोण कुठं बसणार. मग तिन्ही लोड घेऊन त्या खाली गेल्या आणि परत वर आल्या नाहीत. दिवस झाले, पाहुणे गेले, घर रिकामं झालं. जिन्यात भेटल्या तर 'मान कशी आहे' विचारायच्या आणि उत्तर ऐकायला थांबायच्या नाहीत.

त्यानंतरच्या एका रविवारी मी घरी होतो. चारच्या सुमाराला जिन्यात पावलं वाजली. आमच्या दारापर्यंत आली, थांबली, आणि परत खाली गेली. मी विद्याकडे पाहिलं. "रोज येतात," ती म्हणाली. "आठवडा झाला. मला वाटायचं, उद्या वाजवतील घंटा."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर घरी आलो. पावलं आली तशी विद्यानं उठून दार उघडलं. सिस्टर दचकल्या. त्यांना दचकलेलं मी प्रथमच पाहत होतो.

"या ना, सिस्टर."

"नाही, नाही. मी तिसऱ्या मजल्यावर चाललेय. सायलीकडे."

"सायली गेल्या दिवाळीतच बंगळुरूला राहायला गेली, सिस्टर. वर कुलूप आहे."

सिस्टरांनी वरच्या जिन्याकडे पाहिलं. ते कुलूप त्यांना माहीत होतं. जाताना किल्ली सायलीनं त्यांच्याकडेच ठेवली होती.

"चहा टाकलाय," विद्या म्हणाली.

"मी कशाला आता? माझं इथं काही काम नाही."

"काम नाहीच आहे. बसायला या."

"नुसतं?"

"नुसतं."

त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. अडीअडचणीला अर्ध्या पेठेत गेलेल्या बाई, पण काम नसताना कुणाच्या घरात कसं शिरतात, हे जणू त्यांना ठाऊक नव्हतं. विद्यानं पुढे होऊन त्यांचा हात धरला आणि त्यांना आत आणलं.

त्या बसल्या. चहा घेतला. मी काही बोलायला गेलो तर विद्यानं मला डोळ्यांनी दटावलं. खालून पेठेतले आवाज येत होते, कुणाच्या तरी घरी रेडिओ लागला होता. बाहेर अंधारून आलं तरी सिस्टर उठल्या नाहीत, आणि दिवा लावायला आमच्यापैकीही कुणी उठलं नाही.